वेस्टच्या कॅनला हात न लावणारा माणूस

त्यांना सगळे नाकमुरडे म्हणत, आणि हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. आडनाव चांगलं भारदस्त होतं, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. गिऱ्हाइकं, शेजारी, सासुरवाडीची माणसं, आणि भांडण रंगात आलं की खुद्द बायकोसुद्धा त्यांना नाकमुरडेच म्हणायची. हा माणूस कुठल्याही दारात उभा राहिला की आधी त्याचं नाक आत जायचं. ते उजवीकडे फिरायचं, डावीकडे फिरायचं, वरच्या ओठासकट आक्रसायचं, आणि मगच बाकीचे नाकमुरडे आत यायचे.

धंदा प्रिंटर दुरुस्तीचा. त्यातही डीटीएफ प्रिंटरचा. टी-शर्टवर चित्रं छापतात ना, त्याचा. आधी प्लॅस्टिकच्या फिल्मवर रंग, रंगावर पांढऱ्या शाईचा थर, त्यावर डिंकाची पावडर, मग शेक, मग कपड्यावर ठेवून गरम दाब. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात हे यंत्र म्हणजे बारमाही सर्दी झालेलं मूल. त्यातली पांढरी शाई अंगाने जड. दोन दिवस हलवली नाही तर तळाला जाऊन बसते आणि उठायचं नाव घेत नाही. हेड नावाच्या भागातल्या केसाहून बारीक भोकांतून तिने बाहेर पडायचं असतं, ती तिथेच वाळते, आणि वाघाचं चित्र छापायला घेतलं तर पट्टे वाघाला सोडून भलतीकडेच उमटतात. मग नाकमुरड्यांना फोन जातो.

याआधी ते मनगटी घड्याळं दुरुस्त करायचे. हात सोन्यासारखा होता. पण लोकांच्या पट्ट्यांना येणारा घामाचा दर्प त्यांना सोसवेना. एकदा एका गलेलठ्ठ गिऱ्हाइकाच्या घड्याळाच्या मागच्या झाकणातून त्यांनी टाचणीने जे काही उकरून काढलं, ते पाहून दोन दिवस त्यांना घास उतरला नाही, आणि तिसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं. प्रिंटर निवडला तो स्वच्छ धंदा म्हणून. कोरं प्लॅस्टिक, सीलबंद बाटल्या, माणसाच्या अंगाशी संबंध नाही. एवढी भोळी समजूत करून घेतलेला माणूस पंचक्रोशीत दुसरा सापडायचा नाही.

कारण यंत्र कितीही कोरं असलं तरी ते ठेवणारी शेवटी माणसंच. एकाने शाई पुरवून वापरायची म्हणून तीत नळाचं पाणी घातलं. एका शिंप्याने चोंदलेल्या भोकात सुई घालून पाहिली. एक बाई नखांचा रंग काढायच्या द्रवाने हेड पुसत होत्या, आणि वर सांगत होत्या, वास किती छान येतो. एका ठिकाणी पांढऱ्या शाईच्या टाकीतून झुरळ निघालं, मिशांपर्यंत शुभ्र, जणू कुणाच्या तरी लग्नाला निघालं होतं. आणि प्रत्येक ठिकाणी वाक्य एकच.

"आम्ही काहीच केलं नाही हो. आपोआप बंद पडला."

"आपोआप," नाकमुरडे म्हणायचे. मग हातमोज्यांवर दुसरे हातमोजे चढवायचे.

या सगळ्यात त्यांनी स्वतःपुरती एक रेघ आखून घेतली होती. यंत्राची सफाई चालते तेव्हा आतला पंप हेडखालच्या रबरी टोपीतून घाण शाई ओढतो आणि एका नळीने मागच्या कॅनमध्ये सोडतो. तो वेस्टचा कॅन. नाकमुरड्यांच्या भाषेत यंत्राचा संडास. त्याला त्यांनी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. पहिल्याच भेटीत ते गिऱ्हाइकाला बजावून सांगत, "कॅन तुमचा, बाकी यंत्र माझं. भरला की तुम्ही ओतायचा. मला दाखवायचा नाही, मला सांगायचंही नाही." लोकांना वाटायचं, ही काहीतरी तांत्रिक अट असेल. बायकोला खरं माहीत होतं. ती म्हणायची, "ह्यांनी माझ्याशी लग्न केलं तेसुद्धा मला दोनदा धुऊन, वाळवून."

तर हे असे नाकमुरडे, आणि त्यांच्या सासुरवाडीतच एक डीटीएफ प्रिंटर. आता गंमत बघा.

तो प्रिंटर वहिनींचा. वहिनी म्हणजे नाकमुरड्यांच्या मेव्हण्याची बायको. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी दोन वर्षांपूर्वी छपाई सुरू केली होती. गॅरेजवाल्यांचे शर्ट, पोहण्याच्या क्लासच्या पिशव्या, कुणाच्या निरोप समारंभाचे टी-शर्ट. बाई कमी बोलणारी आणि कामाला वाघ. खोलीत हवा कोरडी झाली की शाई वाळते, म्हणून त्यांनी ओलावा सोडणारं एक वाफेचं यंत्रही कोपऱ्यात ठेवलं होतं. सकाळ-संध्याकाळ पांढरी बाटली हलवायच्या, टोपीची कड पुसायच्या, फिल्म झाकून ठेवायच्या. म्हणजे निदान त्या तसं म्हणायच्या. नाकमुरड्यांचा विश्वास नव्हता. त्यांचा कुणावरच नव्हता.

मेव्हण्याला सगळे होहो म्हणत, कारण कुठल्याही कामाला तो आधी "हो, हो" म्हणे आणि नंतर ते काम जिथल्या तिथे राही. बायकोच्या धंद्यात त्याच्या वाट्याला एकच काम आलं होतं. वेस्टचा कॅन ओतणे.

आणि सासरे. जन्मभर एका मोठ्या गोदामाचे स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले तरी नजर मोजणीची. घरात साबणाची वडी किती दिवस पुरते हे त्यांना पाठ. बेसिनला शिंतोडा दिसला की ते पुसत नसत, ज्याचा असेल त्याला बोलावून दाखवत. जावई आणि सासरे यांचं फक्त एका गोष्टीवर एकमत होतं, की हे जग घाणेरडं आहे. त्या एका मतावर दोघांची अठरा वर्षं गुण्यागोविंदाने गेली होती.

पुढची खोली आधी सासऱ्यांची बैठकीची खोली होती. प्रिंटर आल्यावर त्यांच्याकडे त्या खोलीतली फक्त एक आरामखुर्ची उरली, यंत्राच्या मागच्या बाजूला, भिंतीला लागून. दुपारी वहिनी स्वयंपाकघरात गेल्या की ते तिथे बसत. वाफेच्या यंत्राने छातीला बरं वाटतं म्हणायचे.

तीन महिन्यांपासून प्रिंटर बिघडला होता. सकाळी वहिनी चाचणीची फिल्म काढायच्या. त्या फिल्मवर प्रत्येक भोकाची एक बारीक रेघ उमटते. रेघ तुटली म्हणजे ते भोक बंद. दहा-बारा रेघा तुटलेल्या दिसायच्या. मग सफाई चालवायच्या, आणि सफाईनंतर वीस रेघा तुटलेल्या. पुन्हा सफाई, तर पिवळ्याच्या जागी हिरवट काहीतरी. ठरलेली कामं परत जायला लागली. पोहण्याच्या क्लासवाल्याने दुसरीकडे तोंड वळवलं.

नाकमुरडे दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी हेड सिरिंजने धुतलं, डॅम्पर, म्हणजे शाईच्या छोट्या गाळण्या, बदलले, आणि भिंतीवर टांगलेल्या सर्व्हिस कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "ऑपरेटरचा हलगर्जीपणा. स्वच्छता राखली जात नाही." दोनदा तेच. तारीख फक्त वेगळी. सासऱ्यांनी चष्मा लावून ते दोन्ही वेळा मोठ्याने वाचलं, एकदा पाहुण्यांसमोर. वहिनींनी दोन्ही वेळा मान खाली घालून ऐकलं. नाकमुरड्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. नात्यातली आहे म्हणून घाणीला घाण म्हणायचं नाही का?

शेवटी सासऱ्यांनी निकाल दिला. जुन्या यंत्रांचा एक दलाल त्यांच्या ओळखीचा होता. तो रविवारी चार वाजता येणार होता. तोवर प्रिंटर नीट चालला तर ठेवा, नाही तर यंत्र त्याच्या टेम्पोत जाईल, खोली रिकामी होईल, आणि वहिनी पुन्हा पूर्णवेळ घरात.

"बाबा म्हणाले म्हणजे संपलं," होहो म्हणाला.

"तू काही बोलला नाहीस?" बहिणीने, म्हणजे नाकमुरड्यांच्या बायकोने विचारलं.

"बोललो ना. हो म्हणालो."

त्या रविवारी अकरा वाजता नाकमुरडे बायकोसह हजर झाले. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी दुरूनच नमस्कार करून परत पाठवला. मोजे चढवले, झाकण उघडलं, आणि घाण शोधायला वाकले.

घाण नव्हती.

त्यांनी टॉर्च लावला. टोपीची कड चकचकीत. हेड पुसणाऱ्या वायपरची रबरी जीभ स्वच्छ. रुळांवर पावडरचा कण नाही. पांढऱ्या बाटलीचा तळ काडीने खरवडून पाहिला, तर काडी नुसती ओली झाली, साय नव्हती. नळ्यांत हवेचा बुडबुडासुद्धा नाही. नाकमुरड्यांना हा वैयक्तिक अपमान वाटला. किळस करायला यावं आणि किळस करायला काही मिळू नये, असं त्यांच्या आयुष्यात क्वचितच घडलं होतं.

"आज पुसलेलं दिसतंय," ते म्हणाले.

"रोज पुसते," वहिनी म्हणाल्या.

"आम्ही यायच्या दिवशी सगळेच रोज पुसतात."

वहिनींनी तांब्या उचलून आत ठेवला. बायकोने मात्र नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा एखादा असता तर यंत्रात लपला असता.

त्यांनी हेड काढलं, सिरिंजला बारीक नळी लावली आणि धुण्याचा द्रव हळूहळू आत सोडला. पांढऱ्याच्या प्रत्येक भोकातून धार सरळ आली, शिवणकामाच्या दोऱ्यासारखी. म्हणजे हेड उघडं होतं. हेड परत बसवलं, सफाई चालवली, पंप घरघरला. चाचणीची फिल्म बाहेर आली. एकतीस रेघा तुटलेल्या.

"बघा," दारातून सासरे म्हणाले, आणि खोकत खोकत ओट्यावर निघून गेले.

घड्याळात दीड वाजला होता. नाकमुरडे टोपीकडे टक लावून बसले. टोपी काठोकाठ भरली होती. तांबडं, निळं, काळं, पांढरं, सगळं एक होऊन शेवाळाच्या रंगाचं डबकं झालं होतं, आणि ते खाली जात नव्हतं. हेड येऊन त्यावर बसत होतं, जसं म्हशीने डबक्यात बसावं. सफाई करावी तेवढं डबकं वाढत होतं आणि डबक्यातलं पाणी उलटं भोकांत शिरत होतं.

"टोपीतली शाई खाली जात नाहीये," ते स्वतःशीच पुटपुटले.

"भाऊजी," वहिनी मागून म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "हे मी तुम्हाला पहिल्या वेळेला सांगितलं होतं. दुसऱ्या वेळेलाही."

"मला?"

"तुम्ही म्हणालात, आधी यंत्र पुसायला शिका."

म्हणाले होते. त्यांना आठवलं. नुसतं आठवलं नाही, त्या वेळी हात झटकत बोलले होते तो झटकाही आठवला.

त्यांनी पंप पाहिला, पंप ठीक. मग पंपापासून नळी धरून बोटाने चाचपत ते मागे मागे गेले. यंत्राच्या मागे, आरामखुर्चीच्या शेजारी, भिंतीला टेकून तो बसला होता. पाच लिटरचा कॅन. बाहेरून काळपट, गळ्याशी ओघळ. स्वतः आखलेल्या रेघेपाशी त्यांचा हात थबकला.

"कॅन कधी ओतला?"

"तो ह्यांच्याकडे आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलं होतं, ऑपरेटरने कॅनला हात लावू नये, हात खराब झाले की फिल्म खराब होते."

"होहो, कॅन ओतलास?"

"हो, हो. मागच्याच आठवड्यात," होहो दारातून म्हणाला.

"नीट सांग."

"म्हणजे, मागच्या आठवड्यात ओतायचं ठरवलं होतं."

"त्याआधी कधी ओतलास?"

होहोने छताकडे पाहिलं. छतावर काही लिहिलेलं नव्हतं.

"तू ओत आता," नाकमुरडे म्हणाले.

"दाजी, मला कालपासून कंबरेचं जरा..."

वहिनी पुढे झाल्या. तेव्हा टॉर्चच्या उजेडात नाकमुरड्यांना त्यांचे हात दिसले. धुण्याच्या द्रवाने बोटांची कातडी तडकली होती, पेरांवर भेगा पडल्या होत्या, नखांभोवती पापुद्रे निघाले होते. वर्ष-वर्ष रोज दोनदा टोपी पुसणाऱ्या माणसाचे हात असे होतात. हलगर्जी माणसाचे होत नाहीत.

"थांबा," ते म्हणाले. "मी बघतो."

बायकोने खुर्चीचा आधार घेतला.

मोज्यांचा तिसरा जोड चढवला. तोंडाला फडकं बांधलं. श्वास धरला आणि कॅन ओढून उजेडात आणला. झाकण नुसतं वर ठेवलेलं होतं, फिरवलेलं नव्हतं. उचललं.

आता जेवायला बसलेल्यांनी दोन ओळी सोडून वाचावं. कॅन गळ्यापर्यंत भरला होता. वर शाई नव्हतीच. वर एक सायीसारखा जाड, चिकट, राखाडी थर होता, मधेमधे फुगलेला, मधेमधे पिवळट, आणि नळीचं टोक त्या थरात रुतून बसलं होतं, जसं चिखलात काठी रुतते. त्यांनी काडीने नळी हलवली तर सगळा थर एकजीव हलला, आणि सोबत एक तार वर आली, लांब, लवचिक, तुटता तुटेना. वास शाईचा नव्हता. छातीला चोळायच्या मलमाचा होता, आणि त्याखाली आणखी कशाचा तरी.

नाकमुरड्यांनी तेहतीस प्रकारची शाई पाहिली होती. तार सुटणारी शाई एकही नव्हती.

ते शांतपणे उठले, शांतपणे मोरीत गेले, आणि तिथे शांतपणा संपला. बाहेर सगळ्यांनी ऐकलं.

चूळ भरून, चेहरा पांढराफटक करून ते परत आले तेव्हा बायको कॅनमध्ये डोकावून उभी होती. तिला एका क्षणात कळलं होतं. लेकी असतातच अशा.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "बाबा ह्यात थुंकतात."

ओट्यावरून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला, लांबलेला, आणि मग एक गिळल्यासारखा आवाज.

"मी नाही हं," होहो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने नाही म्हटलं, आणि तेही कुणी विचारलं नसताना.

"तुम्ही काही बोलू नका," बायको नवऱ्याचा हात धरून म्हणाली. "नळी मोकळी करा, कॅन बदला, यंत्र चालू होईल. बाबांना मी नंतर एकटी गाठून समजावते. जावयाने असलं काही तोंडावर सांगितलं तर ते लाजेने मरतील."

"आणि ते?" नाकमुरड्यांनी भिंतीवरच्या कार्डाकडे बोट दाखवलं.

"ते काय, कागद आहे. फाडून टाका."

पर्याय सोयीचा होता. खरं सांगायचं तर नाकमुरड्यांना तो आवडलाही. सासऱ्यांच्या तोंडून "तुम्हीसुद्धा?" ऐकण्यापेक्षा हजार झुरळं परवडली. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी फडकं घेतलं होतं आणि कॅनमुळे फरशीवर पडलेला गोल डाग पुसायला त्या खाली बसल्या होत्या. आपला नसलेला डाग. त्या एवढ्या सवयीने पुसत होत्या की नाकमुरड्यांना स्वतःचीच शिसारी आली. आतापर्यंत जगातल्या बहुतेक गोष्टींची त्यांना किळस येऊन गेली होती; ही एक जागा राहिली होती.

"उठा वहिनी," ते म्हणाले. "ते पुसू नका."

आणि कॅन दोन्ही हातांनी छातीपासून लांब धरून, तोंड एका बाजूला वळवून ते ओट्यावर गेले.

ओट्यावर दलाल वेळेआधीच येऊन टेकला होता. सासरे त्याला खोलीची लांबी-रुंदी सांगत होते. नाकमुरड्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि कॅन दोघांच्या मधोमध ठेवला.

"हे काय?" सासरे म्हणाले.

"प्रिंटर ह्याच्यामुळे बंद होता. नळीचं तोंड बुजलंय."

"मग? माझ्यापुढे कशाला आणलंत? घाण आहे ती."

"आहे," नाकमुरडे म्हणाले. "बाबा, ह्यात शाई कमी आहे."

दलालाने वाकून पाहिलं, आणि जेवढा वाकला होता त्याच्या दुप्पट मागे सरकला.

"मी पाहिलं नाही, मला माहीत नाही," सासरे भराभर म्हणाले. "असल्या घरात कोण काय करतं, मी किती जणांवर लक्ष ठेवणार? बेसिनचं बघा, मोरीचं बघा. मी सांगून सांगून थकलो. स्वच्छता म्हणून कुणाला..."

आणि त्यांना खोकला आला. दम लागेपर्यंत आला. त्यांनी सवयीने डावीकडे खाली हात केला, जिथे आरामखुर्चीत बसल्यावर कॅन असतो तिथे. हात हवेत चाचपडला. सगळ्यांनी पाहिलं. त्यांनीही पाहिलं की सगळ्यांनी पाहिलं.

"बाबा, बेसिन आहे की हो," लेक दारातून म्हणाली. ती रागावलेली नव्हती. "कुणी नाही म्हटलं का तुम्हाला?"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला.

"बेसिन पांढरं आहे," ते म्हणाले.

"मग?"

"पांढऱ्यात दिसतं."

"काय दिसतं?"

जन्मभर पोत्यांची मोजणी केलेला माणूस, एक दाणा इकडचा तिकडे झाला तर रात्र जागवणारा, तो कॅनकडे बघत बसला.

"रंग," शेवटी ते म्हणाले. "तीन महिने झाले. कधी कधी लाल येतो. त्या कॅनमध्ये सगळेच रंग असतात. कळत नाही."

दलाल उठला. "माझं पुन्हा कधीतरी," असं काहीतरी पुटपुटत त्याने चपला पायांत सरकवल्या, उजवी डाव्यात आणि डावी उजव्यात, आणि फाटक लावायचंही विसरून गेला.

वहिनी आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात कपबशीतली पांढरी बशी होती, घरातली सगळ्यात कोरी. ती त्यांनी सासऱ्यांपुढे धरली.

"ह्यात टाका."

"नको."

"टाका, बाबा. मला बघू दे. तीन महिने तुमच्यामुळे तुंबलेलंच धूत होते मी, आता निदान बघून धुते."

त्यांनी टाकलं. लाल होतं, थोडंसं, धाग्याएवढं. वहिनींनी पाहिलं, लेकीने पाहिलं, होहो दुसरीकडे बघत राहिला. नाकमुरड्यांनीही पाहिलं. फडकं तोंडाशी दाबलं, पण नजर काढून घेतली नाही.

सोमवारचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. दवाखान्यात लेक आणि जावई दोघं घेऊन गेले. नमुन्याची डबी नाकमुरड्यांनी धरली, तीन मोज्यांत, मांडीपासून वीतभर लांब. फुप्फुसाचा आजार निघाला, वेळेवर सापडला, सहा महिने गोळ्या, आणि पावडरच्या खोलीत बसायला बंदी. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? त्यावर सासरे म्हणाले, "सुनेच्या यंत्राला नावं ठेवत होतो." माणूस कडक, पण हिशेबात खोट ठेवणारा नव्हे.

पण रविवारचं अजून संपलं नव्हतं. साडेतीन वाजले होते आणि नळी बुजलेलीच होती.

नाकमुरड्यांनी नळी कापून नवी घातली. पंपाने एकदाच ढेकर दिला आणि टोपीतलं डबकं गर्रकन खाली गेलं. दोन सफाया, दहा मिनिटं विश्रांती, मग चाचणीची फिल्म. वहिनींनी ती खिडकीशी धरली. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत एकही तुटलेली नव्हती. त्या तशाच उभ्या राहिल्या, बराच वेळ, पुन्हा पुन्हा मोजत असल्यासारख्या.

"चालू झालं," नाकमुरडे म्हणाले. "दलाल गेला, बाबांचंही म्हणणं मिटलं. आता ते कार्ड फाडू का?"

"फाडू नका," वहिनी म्हणाल्या. "लिहा."

"काय लिहू?"

"जे आहे ते."

नाकमुरड्यांनी पेन काढलं. आधीच्या दोन ओळी खोडल्या. मग लिहिलं, "वेस्टची नळी बुजल्याने बिघाड. ऑपरेटरचा दोष नाही."

वहिनींनी वाचलं. कार्ड परत दिलं नाही, हातातच धरून ठेवलं.

"अर्धंच आहे."

"अर्धं कसं?"

"नळी कुणी बघितली नव्हती?"

बायको भिंतीला टेकून अंगठ्याचं नख न्याहाळत होती, म्हणजे तोंडावरचं हसू कुणाला दिसू नये. नाकमुरड्यांनी नाक मुरडलं, खरोखरच मुरडलं, आणि खाली आणखी एक ओळ घातली. "तंत्रज्ञाने दोन्ही भेटींत कॅन तपासला नाही, कारण त्याला किळस वाटते." सही. तारीख.

सासऱ्यांनी ओट्यावरून आवाज दिला, "काय लिहिलंय, वाचा मोठ्याने."

नाकमुरड्यांनी वाचलं. स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने.

"अक्षर चांगलं आहे," सासरे म्हणाले.

मग प्रश्न उरला कॅनचा. होहो म्हणाला की तो ओततो, हो, हो, नक्की, उद्या सकाळी. कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. नाकमुरड्यांनी कॅन उचलला, मागच्या अंगणात नेला, एका बादलीत जंतुनाशक ओतलं, दुसरीत साबणाचं पाणी, आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन उकिडवे बसले. आतली घाण बंद डब्यात भरताना ते एकदा उठून भिंतीआड जाऊन आले. घासायला लागल्यावर पुन्हा एकदा. डोळ्यांतून पाणी, नाकावर फडकं, तोंडातून अखंड शिव्या, कुणाला ते त्यांनाही माहीत नव्हतं. बायको खिडकीतून बघत होती. असला तमाशा तिला अठरा वर्षांत पहिल्यांदाच फुकट मिळत होता.

त्यांनी कॅन उलटा केला, झटकला, उन्हात धरला. झालं, असं वाटून ते उठायला लागले.

वहिनी पदर खोचून पायरीवर येऊन उभ्या होत्या. त्यांनी वाकून कॅनच्या तोंडातून आत पाहिलं, जवळून, नाक न मुरडता.

"कोपऱ्यात राहिलंय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पुन्हा घासा."